विश्लेषण : बीडचे जुने सरकारी दफ्तर उर्दूत का? राग भाषेवर होता की राजवटीवर?

कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरे उघडली. मात्र नोंद सापडली तरी ती वाचणार कोण, हा प्रश्न होताच. बरेच कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. पणजोबांची ओळख सांगणारा कागद पणतूला वाचता येत नाही, अशी वेळ का आली?

कागद उर्दूत का?

१९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात आधी फारसीत कारभार चाले. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. संस्थानातील बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत. मराठी भाषक साधारण एक चतुर्थांश होते. तरीही न्यायालय, महसूल आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते.

भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक शिकवण्याचा हा देशातील मोठा प्रयोग होता. पण बीडच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी ती भाषाही शिकूनच घ्यावी लागणारी होती.

मग मराठी टिकली कशी?

घरात, बाजारात, कीर्तनात. अंबाजोगाई हे मुकुंदराज आणि दासोपंतांचे गाव. परंपरेनुसार ‘विवेकसिंधू’चा काळ ११८८ मानला जातो. निजामकाळात याच गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढे त्यांनीच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ मध्ये उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ सत्याग्रह केला. भाषा, शिक्षण आणि नागरी हक्क हे प्रश्न एकमेकांत गुंतत गेले.

राग नेमका कोणावर?

इथे गल्लत होते. लढा जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता, पुढे भारतात विलीन होण्यासाठी. रझाकारांच्या अत्याचारांनी तो अधिक तीव्र झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले. त्यानंतर मराठवाड्यासह अनेक भागांत सामान्य मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. राजवटीचा हिशेब शेजाऱ्याकडून चुकता केला गेला.

उर्दू मात्र कोणा एका धर्माची नव्हती. निलंग्यात जन्मलेले, निजामाच्या सेवेत राहिलेले सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू कविता मराठीत आणली. बीड शहरात आजही उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. आणि ‘दफ्तर’, ‘तहसीलदार’, ‘जमीन’, ‘वारस’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द वगळून सातबाऱ्यावर बोलून पाहा!

असे इतरत्र घडले आहे का?

ब्रिटनमधील वेल्समध्ये घडले आहे. १५३६ च्या कायद्याने तिथल्या न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. १९६० च्या दशकात भाषेची चळवळ उभी राहिली. १९९३ आणि २०११ च्या कायद्यांनी वेल्शला सार्वजनिक व्यवहारात इंग्रजीच्या बरोबरीचे स्थान व अधिकृत दर्जा मिळाला.

तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलू शकणारे १७.८ टक्केच होते. म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. बहुतेक वेल्श लोक इंग्रजीच बोलतात आणि तरी स्वतःला इंग्लिश म्हणवत नाहीत.

बीडसाठी याचा अर्थ काय?

इथे उलट झाले. मराठी बोलणारे बहुसंख्य होते, म्हणून राजवट बदलताच भाषाही परतली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला.

मागे राहिले ते दफ्तर. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटिअरसंबंधी शासन निर्णयानंतर जुन्या कागदांचे महत्त्व आणखी वाढले. जमिनीचा वाद असो, इनामाचा ‘मुंतखब’ असो वा जातीची नोंद, पुरावा त्याच लिपीत आहे. जी भाषा एकेकाळी हक्काच्या आड आली, तीच वाचता येणारा माणूस आज हक्क मिळवून देऊ शकतो. असे जाणकार कमी होत आहेत. कागद जपण्याइतकेच तो वाचणारे घडवणेही आता गरजेचे आहे.