निखाऱ्यांवर राउटरचे लक्ष
कोलकात्याच्या निझाम उपाहारगृहाने नावारूपाला आणलेला काठी कबाब प्रखर निखाऱ्यांवर चटकन भाजला जातो. मात्र मांसाचा मोठा तुकडा ११० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास शिजवायचा असेल, तर आच स्थिर राखणे हेच खरे कौशल्य ठरते. त्यासाठी हौशी तंत्रज्ञांनी लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीएल या वायरलेस राउटरला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, जोडून ‘लिंकमीटर’ घडवले. थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा घटक, भट्टीतील उष्णता टिपतो, मायक्रोकंट्रोलर हव्या असलेल्या तापमानाशी तफावत पाहून निखाऱ्यांना हवा देणाऱ्या पंख्याची गती ठरवतो आणि राउटर ते आकडे मोबाइलवर पोहोचवतो. ही रचना विलक्षण सुंदर आहे. परंतु कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत असल्याने प्रयोग मोकळ्या हवेतच करावा.