न मिळालेल्या वेळेची मोजणी

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालतात तेव्हा कामगिरीची नोंद दोन वह्यांत होते. एक वही मशीनच्या आत असते, दुसरी खालच्या होस्टकडे, आणि दोहोंतले आकडे सहसा जुळत नाहीत. आतली मशीन सांगते की तिचा प्रोसेसर पूर्ण बिझी आहे. होस्टच्या वहीत मात्र तिला निम्माच वेळ दिल्याचे दिसते. दोघीही आपापल्या परीने खऱ्या असतात. मशीनने काय वापरले ते कुठूनही मोजता येते, पण तिने मागितले आणि तिला मिळाले नाही, ते कुठे नोंदवायचे यावर गेली सहा दशके उत्तरे शोधली जात आहेत.

सुरुवात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमधली. तिथे 1967 च्या जानेवारीत सीपी-40 ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली वापरात आली आणि बदल केलेल्या एकाच सिस्टिम/360 संगणकावर 14 पर्यंत व्हर्च्युअल मशीन एकावेळी चालू लागल्या. तिच्या वंशातली व्हीएम/370 आयबीएमने 2 ऑगस्ट 1972 रोजी जाहीर केली. या घराण्यात वापरकर्त्याने वेळ विचारली की तीन आकडे समोर येत: ‘कनेक्ट’, ‘व्हर्टसीपीयू’ आणि ‘टोटसीपीयू’. पहिला जोडणीचा एकूण काळ, दुसरा मशीनच्या स्वतःच्या कामात गेलेला प्रोसेसरचा वेळ, तिसरा त्यात खालच्या नियंत्रक प्रोग्रामने तिच्यासाठी घालवलेला वेळ मिळवून. तिसऱ्यातून दुसरा वजा केला की व्हर्च्युअल असण्याची किंमत हाती येते. इतका स्वच्छ हिशेब पुढे बराच काळ दुर्मीळ झाला. त्यातही एक गोष्ट सुटलीच होती. जोडणीच्या काळातून टोटसीपीयू वजा केल्यावर जे उरते त्यात स्वस्थ बसणे आणि रांगेत ताटकळणे एकत्र मिसळलेले असते.

आयबीएमने 1978 मध्ये भारतातला गाशा गुंडाळला, त्यामुळे इथल्या बहुतेकांची व्हर्च्युअल मशीनशी ओळख मेनफ्रेमवर झाली नाही. ती पुढे स्वस्त एक्स86 सर्व्हरवर झाली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 मध्ये प्रोसेसर व्हर्च्युअल करता येण्याच्या अटी मांडल्या होत्या. एक्स86 त्यांत बसत नव्हता. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने चालत्या सूचनांचे जागच्या जागी भाषांतर करून ही अडचण ओलांडली. 1999 मध्ये वर्कस्टेशन आले आणि 2001 मध्ये थेट सर्व्हरसाठीचे ईएसएक्स. रिकाम्या बसलेल्या दहा सर्व्हरचे काम एकावर आणण्याची लाट सुरू झाली आणि त्याबरोबर आकड्यांचा घोळही. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम टाइमरचे ठोके मोजून वेळ ठरवत. मशीन बाजूला ठेवलेली असताना तिचे ठोके साचत आणि नंतर भराभर दिले जात. घड्याळच असे असल्यावर त्यावरून काढलेल्या टक्केवारीचा भरवसा काय?

मेमरीची गोष्ट आणखी अवघड. मशीनला एकदा दिलेले मेमरीचे पान तिला नकोसे झाले तरी होस्टला ते कळत नाही. कार्ल वाल्डस्पर्जर यांनी 2002 मध्ये ईएसएक्समधले दोन उपाय मांडले. एक म्हणजे बलून: मशीनच्या आत बसलेला छोटा ड्रायव्हर मेमरी मागत फुगतो, मशीन स्वतःच आपली बिनकामाची पाने सोडते आणि ती होस्टला मिळतात. दुसरा उपाय नमुना पाहणीचा. दर 30 सेकंदांच्या अवधीसाठी सहज निवडलेल्या 100 पानांना मशीनने हात लावला का एवढेच पाहायचे आणि त्यावरून तिची खरी गरज अंदाजायची. बलूनमुळे आकडे वाचणाऱ्याला एक सावधगिरी कायमची लागली. आतून मेमरी भरलेली दिसत असेल, तर त्यातला काही भाग बलूनचा असू शकतो.

प्रोसेसरच्या बाबतीत कोंडी फुटली ती 2005 मध्ये. लिनक्स 2.6.11 पासून प्रोसेसरच्या हिशेबात ‘स्टील’ नावाचा नवा रकाना आला. मशीन धावायला तयार होती, पण होस्टने प्रोसेसर दुसऱ्या कोणाला दिला होता, तो वेळ या रकान्यात जातो. हाच वेळ होस्टच्या बाजूने ईएसएक्समध्ये ‘रेडी’ म्हणून दिसतो. महाराष्ट्राच्या कालव्यांवर शेजपाळी चालते, तिथल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको. पाळीपत्रकात नाव आणि तास लिहिलेले असतात, पण दार उघडून बसल्यावर चारीला पाणी किती वेळाने लागले ही नोंद निराळी.

‘रेडी’ वाचताना सर्वाधिक चुका एककाच्या होतात. व्हीएमवेअरच्या व्हीसेंटर या व्यवस्थापन-साधनाच्या तत्काळ आलेखात एक नमुना 20 सेकंदांचा असतो आणि आकडा मिलिसेकंदांत येतो. एका व्हर्च्युअल प्रोसेसरला 1,600 दिसले, तर 20,000 पैकी 1,600, म्हणजे 8 टक्के वेळ ताटकळत गेला. दिवसभराच्या आलेखात नमुना 5 मिनिटांचा असतो. तिथला 1,600 म्हणजे 3,00,000 पैकी, जेमतेम अर्धा टक्का. आकडा तोच, पण पहिल्यात तक्रारीला जागा आहे, दुसऱ्यात नाही. शिवाय ईएसएक्सटॉप या होस्टवरच्या साधनात मशीनच्या ओळीवरचा आकडा तिच्या सगळ्या व्हर्च्युअल प्रोसेसरची बेरीज असतो. चार प्रोसेसरच्या मशीनपुढचा 20 टक्के पाहून घाबरायचे नसते. वाट्याला सरासरी पाचच येतात.

ईएसएक्सवर एक उलटा धडाही मिळाला. मशीन हळू चालते म्हणून तिचे व्हर्च्युअल प्रोसेसर वाढवावेत, तर ती आणखी हळू होई. तिच्या प्रोसेसरांना साधारण बरोबरीने पुढे नेण्यासाठी पुढे गेलेल्यांना थांबवावे लागते आणि गर्दीच्या होस्टवर हे थांबणे वाढते. ईएसएक्स 3 पासून हा नियम सैल झाला, तरी या थांबण्याचा ‘को-स्टॉप’ हा आकडा वर गेला असेल तर उपाय प्रोसेसर काढून घेण्याचा असतो. मशीन मागणाऱ्या खात्याला हे पटवणे आलेख वाचण्याहून कठीण जाते.

व्हर्च्युअल मशीन भाड्याने देणारी ॲमेझॉनची ईसी2 सेवा 2006 मध्ये सुरू झाली आणि होस्टची वही ग्राहकाच्या हातून गेली. महाराष्ट्रात हे पर्व 2015 मध्ये आले: मायक्रोसॉफ्टने ॲझ्युरची मध्य भारत शाखा पुण्यात उघडली, 2016 मध्ये ॲमेझॉननेही मुंबईत आपला विभाग सुरू केला. ग्राहकाच्याही पलीकडच्या वापरकर्त्याला तर कोणतीच वही दिसत नाही. मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे चढणाऱ्या रस्त्यावर आंबेगाव तालुक्यातले तळेघर लागते. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या या डोंगरी गावात सरकारी दाखल्याचे ऑनलाइन पान उघडले नाही की उत्तर एकच मिळते: सर्व्हर डाऊन. या दोन शब्दांखाली गावाची रेंज, मधली लाइन, मशीनमधला प्रोग्राम आणि होस्टवरचे शेजारी असे चार निराळे दुखणेकरी झोपलेले असतात. मशीनच्या आतल्या नोंदींत शेवटचे दोनच सापडू शकतात.

आणि शेजाऱ्यावर घेतलेला आळही दरवेळी खरा नसतो. ॲमेझॉनने 2014 मध्ये टी2 जातीच्या मशीन आणल्या. त्यांना प्रोसेसर शिधापत्रिकेवर मिळतो. टी2 मायक्रोला तासाला 6 क्रेडिट जमा होतात आणि एक क्रेडिट म्हणजे एका प्रोसेसरचे पूर्ण वेगाने एक मिनिट. साठवण 144 ची. सकाळी दहाला भरल्या साठ्यावर पूर्ण वेगाने काम सुरू केले तर तासाला 60 खर्च, 6 जमा, निव्वळ घट 54. 2 तास 40 मिनिटांत, म्हणजे बारा वाजून चाळीस मिनिटांनी साठा संपतो. त्यानंतर मशीन 10 टक्क्यांवर येते आणि आतून स्टील 90 च्या आसपास दिसू लागतो. होस्टवर कसलीही गर्दी नसते, मशीनचा शिधा संपलेला असतो. म्हणून अशा मशीनचा स्टील क्रेडिटच्या शिलकीच्या आलेखाशेजारी ठेवूनच वाचतात.

जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. त्यांवरच्या दुरुस्त्यांनी काही कामे मंदावली, विशेषतः ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला वारंवार हाक मारणारी. वर्षभराच्या आलेखात तिथे पायरी पडली आणि तिच्या आधीच्या सरासरीशी तुलना निरुपयोगी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिनक्स 4.20 मध्ये दाबाची मोजणी आली. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यासाठी कामे किती टक्के वेळ खोळंबली, हे ती 10, 60 आणि 300 सेकंदांच्या सरासरीत सांगते. खोळंबा आता मेमरी आणि डिस्कच्या नावावरही मांडता येऊ लागला. होस्टने काढून घेतलेला वेळ मात्र तिच्यात सरळ दिसत नाही; त्यासाठी स्टीलचा रकाना अजूनही वेगळाच पाहावा लागतो.