गच्चीवरचा मळा

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. शेत मागे राहिले, तरी हाताची सवय सुटत नाही. तेलाचा डबा, फुटकी बादली, जे मिळेल त्यात माती भरून गच्चीवर मिरची, मेथी, दोडका लावला जातो. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असल्याने अशा गच्च्या मी आवडीने पाहतो. पुदिना आणि गवती चहा फसल्याचे सहसा ऐकू येत नाही. इथल्या चहात ही दोन्ही पाने लागतात आणि इथली दमट हवा त्यांना मानवते. तक्रार असते ती वेलांची: "फुले उदंड, पण कोवळे फळ पिवळे पडून गळते."

दोष बहुधा खताला दिला जातो. वस्तुतः दोडका, गिलके, दुधी यांच्या एकाच वेलीवर नरफुले आणि मादीफुले निरनिराळी येतात. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नरफुलाला नुसता देठ. पराग वाहून नेणारा कीटक तिसऱ्या मजल्यावर फिरकेलच असे नाही. अशा वेळी नरफूल खुडून त्याचे पुंकेसर मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. मात्र वेळ सांभाळावी. गिलक्याची फुले पहाटे उमलतात, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा वेली, पण वेळापत्रक अगदी उलट!

पापडीचे गणित आणखी वेगळे आहे. कतारगामची पापडी प्रसिद्ध. तिच्यावाचून उंधियू होत नाही. वालाच्या जुन्या जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. पावसाळ्यात लावलेली वेल हिवाळ्यात शेंगांनी लगडते. तीच फेब्रुवारीत लावली, तर उन्हाळाभर नुसती पाने वाढतात. अशी हिरवीगार वेल "वांझ निघाली" म्हणून उपटून टाकलेली मी एका घरी पाहिली. तेव्हा जून महिना होता. खत नव्हे, चार महिन्यांचा धीर तेवढा कमी पडला होता.

कोथिंबिरीचे नेमके याच्या उलट आहे. ऊन तापले आणि दिवस मोठा झाला की ती पाने सोडून तुऱ्याकडे धावते. म्हणून ती दिवाळीच्या सुमारास पेरावी. धणे हलकेच रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात. उन्हाळ्यात पेरायचीच असेल, तर सावलीत पेरावी आणि कोवळी असतानाच खुडून घ्यावी.