२५६ बाइटची जागा, ३०८ अक्षरं

लोटे एमआयडीसीत काम करणाऱ्या मंडळींना ओव्हरफ्लो हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. टाकीची क्षमता ठरलेली, वरून भरणं चालू आणि लेव्हलकडे कुणाचं लक्ष नाही. पुढे काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. संगणकाच्या मेमरीत बफर म्हणजे अशीच मोजून दिलेली जागा. फरक एवढाच, की इथे सांडलेलं शेजारच्या माहितीवर जाऊन बसतं. त्या शेजारी ‘हे काम झालं की पुढे कुठे जायचं’ हा पत्ताही असू शकतो. बाहेरच्या माणसाने तो हवा तसा बदलला, की प्रोग्राम त्याच्या हुकमाने चालायला लागतो. १९८८ चा मॉरिस वर्म ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक हीच. ५१२ बाइटची जागा, आणि मजकूर किती येतोय हे न विचारता भरत सुटणारं सी भाषेतलं ‘गेट्स’ हे फंक्शन. ते सीच्या प्रमाणातून जायला २०११ उजाडलं!

विद्यार्थी म्हणतात, आम्ही पायथन वापरतो, आम्हाला याची काळजी नाही. तुम्ही लिहिलेल्या ओळींपुरतं ते बहुतेक खरं आहे. पण त्या ओळी चालवणारा नेहमीचा पायथन स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे.

२०२१ च्या सुरुवातीला त्याच्या ‘सीटाइप्स’ या भागात दोष सापडला. सीमधल्या लायब्ररींशी बोलायला हा भाग लागतो. त्यात एक आकडा मजकूर म्हणून दाखवण्यासाठी २५६ बाइटची जागा होती आणि ती भरत होतं ‘स्प्रिंटएफ’. नेहमीच्या आकड्यांना ही जागा भरपूर, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवलं नाही. आता १ वर ३०० शून्यं असलेली संख्या द्या. ३०१ अंक, एक दशांशचिन्ह, पुढे सहा स्थळं, म्हणजे नुसत्या आकड्याचीच ३०८ अक्षरं.

दुरुस्ती कशी करायची? जागा ५१२ करता आली असती, आणि खरं सांगायचं तर या आकड्यापुरती ती पुरलीही असती. पण न मोजता भरायची सवय तशीच राहिली असती. दुसरी वाट ‘एसएनप्रिंटएफ’ची. ते मर्यादेपाशी थांबतं, सांडत नाही, मात्र उरलेले अंक कापून टाकतं. कापलेला आकडा हा वेगळाच आकडा असतो, हे लॉगशीट भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पायथनच्या लोकांनी ठरलेली जागाच काढून टाकली. मजकूर तयार करायचं काम पायथनच्या स्वतःच्या, लांबी मोजून जागा घेणाऱ्या फंक्शनकडे दिलं. आता तीच संख्या घातांकाच्या रूपात, मोजक्या अक्षरांत दिसते. त्या संख्येची चाचणीही जोडली. माझ्या मते चाचणीशिवाय दुरुस्ती अर्धीच.

याशिवाय हाय-लेव्हल ट्रिपसारखी एक सोय कंपायलरमध्ये असते, तिला फॉर्टिफाय सोर्स म्हणतात. जागेपेक्षा जास्त लिहिलं जातंय असं दिसलं, की ती प्रोग्राम तिथेच बंद करते. त्यामुळे ही सोय लावून बांधलेल्या पायथनवर वरचा आकडा दिला, तर ताबा जाण्याऐवजी प्रोग्राम बंद पडे. नुकसान तेही आहेच, पण पत्करण्यासारखं. ही सोय पूर्वी मुख्यतः आधीच ठाऊक असलेल्या मापांपुरती होती. प्रोग्राम चालताना ठरणाऱ्या मापांपर्यंत ती नेणारी तिसरी पातळी २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये आली. ते काम रेड हॅटमधल्या सिद्धेश पोयरेकर यांचं.

दुरुस्त पायथन, म्हणजे ३.९.२ आणि ३.८.८, फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. २.७ मध्येही हाच कोड होता, पण त्याची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० लाच संपली होती. काही लिनक्सवाल्यांनी आपापल्या प्रतीत ठिगळ लावलं, तेवढंच. तेव्हा प्लांटमधल्या जुन्या मशीनवर कोणता पायथन आहे, त्याचे अपडेट कुठून येतात, हे बसवून देणाऱ्याला विचारा. बदलायचा असेल, तर पुढच्या शटडाऊनच्या यादीत आत्ताच लिहून ठेवा, कारण चालू प्लांटवर त्याला हात लावायला तुम्हाला कुणी परवानगी देणार नाही.