घड्याळाचे घड्याळ आकाशात

घरातले घड्याळ मागे पडले की आपण ते मोबाइलशी जुळवतो. मोबाइलमधली वेळ मुळात अणुघड्याळांवरून येते. सीझिअम अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद, ही व्याख्या १९६७ साली ठरली. जगभरातल्या चारशेहून अधिक अणुघड्याळांच्या नोंदी पॅरिसजवळच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत एकत्र करून प्रमाणवेळ काढली जाते. पण ही सरासरीच दहा-वीस वर्षांत किंचित भरकटली, तर ते कसे कळणार?

त्यासाठी वेगळ्याच जातीचे घड्याळ हवे. ते म्हणजे पल्सर. प्रचंड ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला, सूर्याहून जड पण जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंद असा हा गोळा स्वतःभोवती फिरतो. दीपगृहाच्या झोतासारख्या त्याच्या रेडिओलहरी ठरावीक वेळाने पृथ्वीवर पोहोचतात. पहिला पल्सर १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसलिन बेल यांना आढळला. १९८२ मध्ये डॉन बॅकर, कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणारा पल्सर शोधला. त्याची गती इतकी स्थिर, की एका फेरीचा वेळ वर्षभरात सेकंदाच्या सुमारे तीन लाख-कोट्यांश भागानेच वाढतो.

तरीही एकट्या पल्सरवर विसंबता येत नाही. काहींच्या फिरण्यात वर्षानुवर्षांनी बारीक अनियमितता दिसते. वाटेतले इलेक्ट्रॉनही लहरींना उशीर करतात. म्हणून अनेक पल्सर एकत्र पाहतात. वॉर्डातल्या सगळ्याच रुग्णांचा ताप एकदम एका अंशाने वाढलेला दिसला, तर संशय थर्मामीटरवर घ्यावा. तसेच सगळेच पल्सर एकाच वेळी सारखेच उशिरा येऊ लागले, तर चूक पृथ्वीवरच्या घड्याळाची. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीच्या नोंदींवरून २०१२ मध्ये अशी वेळ काढली, तेव्हा अणुवेळेतल्या आधीच माहीत असलेल्या चढउतारांच्या खुणा तीत उमटल्या.

या कामात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचाही वाटा आहे. कमी कंप्रतेच्या लहरींना इलेक्ट्रॉनमुळे जास्त उशीर होतो. खोडदला तो नेमका मोजता येतो. याच नोंदी युरोपीय नोंदींशी जोडून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले गेले.

पल्सर अणुघड्याळांची जागा घेणार नाहीत. दिवस-महिन्यांच्या मोजणीत अणुघड्याळेच सरस. पल्सरचे काम दशकांच्या पल्ल्यावर त्यांची तपासणी करण्याचे. मोजणारे साधन कितीही चांगले असले, तरी त्याला तपासणारे दुसरे स्वतंत्र साधन हवेच.