बलकाचे तेल, पांढऱ्याचे मीठ

चीनच्या ज्यांगसू प्रांतात गाओयू नावाचे गाव आहे. गावाला लागून महाकालवा वाहतो आणि कालव्यापलीकडे पसरले आहे गाओयूचे विस्तीर्ण तळे. झिंगे, गोगलगायी, पाणवनस्पती यांवर तिथली बदके पोसली जातात. इथल्या बदकांची जात दोन बलकांची अंडी देण्यासाठी साऱ्या चीनमध्ये ओळखली जाते. लेखक वांग झेंगची १९२० साली याच गावात जन्मले. गावच्या अंड्यांवर त्यांनी लिहिलेला लेख तिकडच्या शाळकरी पोरांना पाठ्यपुस्तकात असतो. पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला, म्हणजे ड्रॅगन-नौकांच्या सणाला, मुले आपापले अंडे निवडतात, रंगीत दोऱ्याच्या जाळीत घालून अंगरख्याच्या गुंडीला लटकवतात आणि दिवसभरात केव्हातरी खाऊन टाकतात. कवच मात्र जपायचे. ते धुऊन रात्री त्यात काजवे ठेवायचे. गावची खारवलेली अंडी खाण्याची रीतही ठरलेली आहे. अंड्याच्या पोकळ टोकाला टिचकी मारून भोक पाडायचे आणि चॉपस्टिक आत खुपसायची, की लालसर तेल वर येते.

हे तेल कुठून येते, हा या पदार्थातला सगळ्यात सुंदर भाग आहे. अंडे मिठाच्या पाण्यात ठेवले की कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून मीठ आत झिरपते. आधी ते पांढऱ्या भागात उतरते. पांढरा खारट होतो, पण घट्ट होत नाही. उलट त्याचा चिकटपणा जाऊन तो पाण्यासारखा पातळ होतो. बलकाचे नेमके उलटे. त्यातले पाणी बाहेर ओढले जाते आणि तो कडेकडून आत घट्ट होत जातो. बलकातली चरबी एरवी प्रथिनांच्या वेष्टणात बांधलेली असते. मिठाने ती बांधणी सैल होते आणि अंडे शिजवले की चरबी मोकळी होऊन तेल सुटते. मागे उरतो तो रवाळ, वाळूसारखा भुसभुशीत गर. कोंबडीपेक्षा बदकाच्या अंड्यात बलक मोठा आणि चरबी जास्त, म्हणून या कामाला बदकाचेच अंडे धरतात.

ही युक्ती फार जुनी आहे. सहाव्या शतकात जिआ सश्ये यांनी शेती आणि घरकामावर ‘ची मिन याओ शू’ हा ग्रंथ लिहिला. एका झाडाची साल उकळून त्या काढ्यात मीठ घालावे, बदकाची अंडी बुडवावीत, महिनाभराने ती खाण्याजोगी होतात, असे त्यात नोंदले आहे. आज साल गेली, पण महिना तोच राहिला. काही घरांत अजून चिकणमाती किंवा राख मिठात कालवून अंड्यांवर लिंपतात. बाकीच्यांचे काम बरणीत चालते. पाणी उकळून त्यात विरघळेनासे होईपर्यंत मीठ घालायचे. सोबत चक्रीफूल आणि सिचुआन मिरी. ही मिरी म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. पाणी पूर्ण गार झाले की तडा नसलेली धुतलेली अंडी सोडायची आणि वरून चमचाभर कडक दारू घालायची. अंडी तरंगतात, म्हणून वर बशी दाबून ठेवायची. चार आठवड्यांनी एक फोडून बघायचे. बलक केशरी गोळीसारखा टणक लागला, की बरणी तयार.

चिनी घरात हे अंडे पेजेबरोबर तोंडी लावायला असतेच. पण त्याचे खरे मोल मसाला म्हणून आहे. आपण दुधीत किंवा लाल माठात मूठभर जवळा टाकतो, तसे. ग्वांगतुंगकडे लाल माठ खारवलेल्या अंड्याबरोबर रश्श्यात शिजवतात. मोहरीच्या पाल्याच्या सुपात बलक कापून टाकतात आणि पांढरा भाग शेवटी धार धरून सोडतात. तैवानमध्ये कारल्याला हेच अंडे लावतात. कडू आणि खारट एकत्र आले की कारल्याचा राग निवतो.

मला सर्वांत आवडते ती ग्वांगतुंगची घरगुती वाफवणी. डुकराच्या मांसाचा खिमा पसरट ताटलीत घ्यायचा. कच्चे खारवलेले अंडे फोडून पांढरा भाग खिम्यात एका दिशेने फेटत मुरवायचा. बलक सुरीच्या पात्याने चपटा करून मधोमध बसवायचा. भात शिजता शिजता ताटली वर ठेवून दहा-बारा मिनिटे वाफवायची. झाकण काढले की खिम्याच्या रसावर केशरी तेलाचे ठिपके दिसतात. मीठ वेगळे लागत नाही, ते सगळे पांढऱ्यातून आलेले असते.

हॉटेलांत मात्र ‘सोनेरी वाळू’चे राज्य आहे. वाफवलेला बलक कुस्करून मंद आचेवर तेलात फेस येईपर्यंत परततात आणि त्यात तळलेला भोपळा, टोफू, झिंगे घोळवतात. पदार्थ छान लागतो, यात वाद नाही. सिंगापुरात तर बटाट्याच्या कापांपासून माशाच्या तळलेल्या कातडीपर्यंत सगळ्याला हा बलक लागला. शरद-पौर्णिमेच्या सणाला खातात त्या मूनकेकमध्ये कमळबियांच्या सारणात पुरलेला बलक पौर्णिमेचा चंद्र होतो. २०२५ साली हा सण आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला, आली होती.

पण या सगळ्याला लागतो तो फक्त बलक. कारखान्यात बलक वेगळा काढल्यावर खारट पांढऱ्याचे ढीग उरतात. इतके मीठ असलेले प्रथिन दुसऱ्या खाद्यात सहज खपत नाही आणि सांडपाण्यात गेले तर तिथेही त्रास. लाल बलकाच्या हव्यासाने एकदा विषही खाऊ घातले. नोव्हेंबर २००६ मध्ये बीजिंगच्या बाजारातल्या ‘लाल बलकी’ अंड्यांत सुदान-४ हा औद्योगिक रंग सापडला. तो बदकांच्या खाद्यातून येत होता. बलक रंगवण्याचे जे काम झिंगे आणि पाणवनस्पतींनी केले असते, ते रंगाच्या पुडीकडून करून घेतले.

अठराव्या शतकातले कवी आणि खवय्ये युआन मेइ यांनी १७९२ च्या आपल्या पाकग्रंथात गाओयूची अंडी उत्तम ठरवली आहेत. त्याच टिपणात त्यांनी बजावले आहे की अंडे कवचासकट कापून वाढावे आणि पांढरे टाकून नुसते पिवळे ठेवू नये, नाहीतर चव अपुरी राहते आणि तेलही वाहून जाते. मला हा पाककलेतला शेवटचा शब्द वाटतो. घरच्या स्वयंपाकिणीने तो ग्रंथ न वाचताही पाळला, कारण मीठ विकत घ्यावे लागते हे तिला ठाऊक होते.

तुम्हाला करून बघायचे असेल तर बदकाची अंडी नसल्यास कोंबडीची घ्या. तेल कमी सुटेल, बाकी क्रिया तीच. पहिल्या वेळी वाफवलेला खिमाच करा. पांढरा भाग मोरीत ओतू नका आणि खिम्यात वेगळे मीठ घालू नका.