गंजाची सुरुवात सफाईनंतर. पद्मिनीचे मूळ भाग जपण्यासाठी तेलाचा थर महत्त्वाचा

मुंबई : कुर्ल्यातील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने तयार झालेल्या मोटारींचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे दुरुस्तीसाठी खोललेल्या इंजिनाचा एखादा मूळ भाग गंजला, तर तसाच नवा मिळेल याची खात्री नाही.

हा गंज बहुधा सफाईनंतरच धरतो. धुण्यात जुना तेलकट थर निघून जातो आणि समुद्रकाठची खारी, दमट हवा उघड्या पोलादाला थेट भिडते. म्हणून क्रँकशाफ्टसारखे भाग पूर्ण सुकवून लगेच तेल लावावे व तेलकागदात गुंडाळावेत. भाग ओलसर असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणे सर्वांत वाईट. ओल आतच कोंडते.

बेअरिंगच्या कॅपवर खोलतानाच क्रमांक घालावेत. प्रत्येक कॅप स्वतःच्या जागी बसवूनच तिचे भोक कोरलेले असते. अदलाबदल झाल्यास शाफ्ट जाम होऊ शकतो. ब्रेकच्या रबरी वॉशरना मात्र इंजिनाचे तेल लागू देऊ नये. त्याने ते फुगतात.